मंगलबाईंच्या व्हॅनची गळती

गाडीखाली तेलाचा डाग पडला की लोकांचे दोन प्रकार होतात. पहिला प्रकार गाडी लगेच घेऊन येतो आणि इंजिन संपलं अशा चेहऱ्यानं उभा राहतो. दुसरा प्रकार डागावर माती टाकतो आणि गाडी जरा पुढं सरकवून लावतो. माझं गॅरेज दुसऱ्या प्रकारावर चाललं, कारण तो उशिरा येतो आणि येताना मोठं काम घेऊन येतो. पहिल्या प्रकाराची गाडी बहुतेक वेळा ठीकच असायची. त्याला चहा पाजून परत पाठवायचो.

छावणीकडून पडेगावला जाणाऱ्या रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली माझं गॅरेज होतं. आता तिथं फर्निचरचं दुकान आहे आणि लिंब नाही. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पुढं नाव बदललं, गाड्यांचा नंबर एमएच वीसच राहिला आणि गळतीच्या बाबतीत तर काहीच फरक पडला नाही. मूळचा मी करमाडचा. घरी शेती होती, ती मी करावी अशी वडिलांची इच्छा होती आणि मला बैलाच्या मागं चालण्यापेक्षा ट्रॅक्टरच्या खाली झोपायला बरं वाटायचं. पुढं वडील गावात सांगायचे, "पोरगं शहरात इंजिनावर हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं रेल्वेत लागलं. वडिलांनी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही.

माझं खास काम टायमिंग बेल्टचं. ज्यांचा गाडीशी चावीपुरताच संबंध आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात. वर एक फिरतो, त्याला कॅम म्हणतात. खालच्यानं गाडी ओढायची आणि वरच्यानं ठरल्या वेळी झडपा उघडायच्या आणि मिटायच्या. दोघं एका तालात चालावेत म्हणून त्यांच्यामध्ये दात्यांचा एक रबरी पट्टा असतो, तो टायमिंग बेल्ट. हा पट्टा कोरडा राहायला हवा. तेल लागलं की रबर फुगतं, दाते नरम पडतात आणि एक दिवस पट्टा तुटतो. मग गाडी जिथं असेल तिथं बंद. काही इंजिनांत तर झडपा पिस्टनवर आपटून वाकतात, आणि तसं झालं की मालकाला आधी खुर्ची द्यावी लागते.

आता अडचण अशी की ज्या दोन दांड्यांवर हा कोरडा पट्टा बसतो, त्यांच्या मागं सगळं तेलच तेल. ते बाहेर येऊ नये म्हणून दांड्याभोवती रबराचं एक कडं असतं, त्याला ऑईल सील म्हणतात. म्हणून बेल्ट बदलायला इंजिन उघडलं की मिस्तरीनं सीलही बघून घ्यायचं, कारण पुन्हा तिथवर पोहोचायला पुन्हा सगळं खोलावं लागतं. सील बदललं की गिऱ्हाईक म्हणतं, "मी बेल्ट सांगितला होता, हे काय काढून बसलात?" नाही बदललं आणि नवा बेल्ट तेलात भिजला की तेच गिऱ्हाईक म्हणतं, "तेव्हाच का नाही बघितलं?" माझा सगळा धंदा या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत झाला.

हे काम मला रहीमचाचांनी शिकवलं. जुन्या मोंढ्याच्या मागं त्यांचं गॅरेज होतं. चाचा बोलायचे कमी आणि बोलले तर पान्याकडं बघून बोलायचे. गळती शोधायला मी पहिल्यांदा इंजिनखाली शिरलो तेव्हा त्यांनी पाय धरून मला बाहेर ओढलं. म्हणाले, "बेटा, तेल जहाँ दिखा वहाँ नको ढूंढ. उप्पर देख." तेल वरून निघतं, खाली उतरतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागं जातं आणि भलत्याच ठिकाणी थेंब होऊन लोंबतं. म्हणून आधी इंजिन डिझेलनं आणि पाण्यानं धुऊन काढायचं, वाळवायचं, त्यावर बारीक पावडर मारायची आणि इंजिन चालू ठेवायचं. जिथं पावडर पहिल्यांदा काळी पडते, ती गळतीची जागा. चाचा खडूची भुकटी वापरायचे. मी अंगाला लावायची पावडर वापरू लागलो, कारण ती जास्त बारीक असते. दुकानात मोगऱ्याच्या वासाचीच मिळायची. माझं गॅरेज पडेगाव रस्त्यावरचं एकमेव सुवासिक गॅरेज होतं, आणि घरातल्या डब्यापेक्षा गॅरेजातला डबा मोठा का, हा प्रश्न बायकोनं मला पुष्कळ वर्षं विचारला.

गिऱ्हाइकांतले मासले सांगायचे तर सिडकोतले एक साहेब होते. नवीन घर, पार्किंगला पांढरी फरशी, आणि फरशीवर रोज तेलाचा डाग. मी गाडी तपासली, कोरडी ठणठणीत. साहेबांना पटेना. त्यांनी दुसरीकडं जाऊन सगळी पॅकिंगं बदलून घेतली. डाग कायम. मग ते पुन्हा माझ्याकडं आले आणि म्हणाले, "तुम्ही घरी येऊन बघा." मी गेलो. साहेब ऑफिसला गेले की शेजारचे काका आपली जुनी स्कूटर उन्हातून उचलून त्या पांढऱ्या फरशीवर सावलीला आणून लावायचे आणि साहेब यायच्या आत काढून न्यायचे. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं, पण मलाही परत कधी काम दिलं नाही. गाडीत दोष नाही हे ऐकायला माणूस येतो आणि ऐकून नाराज होतो, हे मी तिथं पहिल्यांदा बघितलं.

पण लिहायला बसलो ते मंगलबाईंच्या व्हॅनबद्दल. एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, पण आली की हातातलं काम टाकून उठावं अशी ती एकच.

मंगलबाई पडेगावच्या पुढच्या वस्तीवरच्या. धनगराचं घर, धंदा मेंढरांचा. नवरा वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये जायचा. तो भला माणूस होता. बाप बोलला तरी मान हलवायचा आणि बायको बोलली तरी मान हलवायचा. बाईंनी माहेरी भावाच्या पिकअपवर हात बसवला होता. लग्नानंतर त्यांनी लायसन काढलं आणि वस्तीवरची पोरं छावणीतल्या शाळेत न्यायला व्हॅन पाहिजे म्हणून घरात धरून बसल्या. सासऱ्यांनी, म्हणजे सखारामआबांनी, शेवटी काही मेंढरं विकून जुनी व्हॅन घेऊन दिली. घेऊन दिली, पण ती बाईनं चालवावी हे त्यांच्या गळी उतरलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं दुसरा कुणी ड्रायव्हर ठेवतील. बाईंनी ठेवला नाही.

या डब्यासारख्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. सीट उचलली की इंजिन समोर. म्हणून गळती लागली की आधी नाकाला कळते. तेल तापल्या भागावर पडून जळतं आणि वास गाडीत भरतो. पोरांच्या दप्तरांना तेलाचा वास येतोय अशी आयांची तक्रार आली, तेव्हा मंगलबाई पहिल्यांदा माझ्याकडं आल्या. सोबत आबा. पांढरं मुंडासं, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. बाहेर टाकलेल्या जुन्या टायरवर ते बसले आणि काम होईपर्यंत उठले नाहीत.

इंजिनावर थोडी पूजेची हळद होती. मी धुतलं, वाळवलं, मोगरा मारला. वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं होतं आणि कॅमचं सीलही ओलं होतं. तेल झिरपून बेल्टवर आलं होतं. बेल्ट फुगला होता. बाईंना दाखवला, दाता नखानं दाबून दाखवला. त्यांनी स्वतःच्या नखानं दाबून बघितला आणि विचारलं, "भाऊ, हा रस्त्यात तुटला असता तर?"

"गाडी बंद पडली असती."

"पोरं आत असताना."

"हो."

त्यांनी एवढंच ऐकलं आणि म्हणाल्या, "मग जे जे बदलायचं ते समदं बदला. मागनं परत नको." अशी गिऱ्हाइकं फार थोडी भेटतात. टायरवरून आबा म्हणाले, "मशीन हाय, पर मशीनलाबी कळतं कुनाचा हात हाय ते." बाईंनी बेल्टचा दाता पुन्हा एकदा दाबून बघितला. मी बोल्ट सोडायला घेतले.

काम झालं. इंजिन इतकं स्वच्छ झालं होतं की मी स्वतःच दोनदा बघितलं. निघायच्या आधी आबा उठले. म्हणाले, "सीट उचला." मी उचलली. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून त्या स्वच्छ इंजिनावर उधळला. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. आबांचं घराणं आपल्या साताऱ्याच्या, म्हणजे बीड बायपासजवळच्या खंडोबाचं. गॅरेजातले सगळे "जय मल्हार" म्हणाले, त्यात चहावाला सलीम सगळ्यांत मोठ्यानं. इंजिन पिवळं झालं. मला त्यात काही वाटलं नाही. दसऱ्याला मी स्वतः पान्यांना हळदकुंकू लावतो आणि जॅकला हार घालतो.

पावसाळा सरता सरता व्हॅन परत आली. बेल्टच्या कव्हरमधून खाली थेंब. मी कव्हर काढलं. नवा बेल्ट तेलात. या वेळी वरचं सगळं कोरडं होतं आणि खालचं क्रँकचं सील ओलं. पावडर मारायचीसुद्धा गरज पडली नाही. मधल्या काळात सोमवती अमावस्या झाली होती, आणखी काही सण झाले होते, आणि आबांनी दर वेळी सीट उचलून भंडारा उधळला होता. जिथं तेल होतं तिथं हळद काळी पडलेली आयती दिसत होती. मी मनात म्हटलं, चला, एक काम वाचलं.

खालचं सील गेलं तर त्यात नवल नाही, असं मी बाईंना सांगितलं. वरचं नवीन झालं, खालचं जुनं होतं, मागच्या वेळी ठीक दिसलं म्हणून ठेवलं होतं. मी ते बदललं, बेल्ट पुन्हा नवा टाकला. दोन्ही दांड्यांच्या खुणा जुळवल्या, हातानं फिरवून बघितलं, ताण बघितला. आबा टायरवर. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "मिस्तरी, ही दुसरी बारी. बाईच्या हाताला गाडी मानवंना. देवाचीबी मर्जी दिसत नाय. आता गळली तर मी इकून टाकतो. गिऱ्हाईक बगून ठेवलंय."

"आबा, सीलला बाई-बुवा कळत नाही."

"तुमी इंजिन बगा. बाकीचं मला लई कळतं."

मग त्यांनी सीट उचलायला लावली आणि इंजिनावर भंडारा उधळला. या वेळी जरा जास्तच. देवाची मर्जी फिरावी म्हणून असेल.

मंगलबाई गाडी मागं घेत होत्या तेव्हा आबा रस्त्याच्या कडेला जाऊन थांबले. तेवढ्यात बाई खिडकीतून हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते बोलल्यागत करत्यात. मेंढरं इकताना बी आदी सांगितलं होतं. गाडी गेली तर मला मेंढरामागं जावं लागंल नायतर चितेगावला कंपनीत लेबरनं. मला त्याची लाज नाय. पर ही पोरं सकाळी माझी वाट बगत उभी असत्यात." त्यांचा आवाज साधाच होता. आयुष्यभर मी सील बदलत आलो, पण एका सीलवर कुणाचं काय अवलंबून आहे हे असं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत, शाळा बंद असताना, व्हॅन तिसऱ्यांदा आली. बाईंनी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी गाडी आत आणली, उतरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आबांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला इथं नोंदवायला हवं. आपलं खरं ठरलं म्हणून खूश होणारा माणूस तो नव्हता. ते थकल्यासारखे टायरवर बसले.

मी इंजिन धुवायला घेतलं. धुताना एक काळजी घ्यावी लागते. इंजिनाच्या आत जळक्या वायूचा थोडा दाब साठतो, तो बाहेर पडायला वरच्या झाकणावर एक नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात, म्हणजे इंजिनाचं नाकच. नव्या गाडीत ही नळी हवेच्या फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. या व्हॅनची मूळ नळी आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी काढून टाकली होती आणि तिच्या जागी एक छोटा उघडा फिल्टर बसवला होता. ते चालतं, पुष्कळ गाड्यांत असतं. धुताना त्यातून पाणी आत जाऊ नये म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. मी पहिल्या वेळी बांधली होती, दुसऱ्या वेळी बांधली होती, आताही बांधली. धुणं झाल्यावर सोडली.

बेल्ट उघडला. क्रँकचं सील ओलं, कॅमचंही ओलं. दोन्ही मी टाकलेली, दोन्ही चांगल्या मालाची. काढून उन्हात धरली. कड फाटलेली नाही, वाकडी बसलेली नाही. दांड्यावर चरा पडला असेल म्हणून नखानं, मग आगपेटीच्या काडीनं चाचपून बघितला. गुळगुळीत. वर बघ, वर बघ, असं चाचा कानात म्हणत होते, आणि मी वर बघत होतो, आणि वर सगळं पिवळं होतं. झाकण पिवळं, वायरी पिवळ्या, नळ्या पिवळ्या. धुऊनही फटींत हळद राहिली होती. चाचा त्याआधीच वारले होते, नाहीतर मी गाडी ओढून मोंढ्यावर नेली असती आणि त्यांच्या पाया पडलो असतो.

मला त्या दिवशी खरंच काही सुचेना. नवी सीलं टाकून गाडी देता आली असती. ती पुन्हा गळली असती आणि विकली गेली असती.

मी बाईंना उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "तेल कमी होतंय का?"

"रोज सकाळी बगते की. तेलाची काडी काढून बगते, कमी वाटलं तर टाकते." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक हाय भाऊ. काडी कवा कवा आपोआप वर आलेली असती. आन तेल टाकायचं झाकण काढलं की फुस्स करतं. आदी करत नव्हतं."

"फुस्स?"

"व्हय. मला वाटलं गरम असतंय म्हून."

टायरवरून आबा म्हणाले, "मेंढीचं पोट फुगतं तसं आसंल."

ते चेष्टेनं म्हणाले की खरंच, मला ठाऊक नाही. मी जुनीच सीलं परत दाबली, भिजलेलाच बेल्ट चढवला, इंजिन चालू केलं आणि तेलाचं झाकण काढलं. आतून वाफ आली. मी त्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी धरली. ती पुरीसारखी टम्म फुगली. आबा टायरवरून उठले. ते आले, त्यांनी वाकून पिशवीकडं बघितलं आणि म्हणाले, "फुगलीय की. वायू निघायची वाट कुटंतरी बंद झाली."

निघायची वाट एकच होती. जिच्यावर मी दर वेळी न चुकता पिशवी बांधत होतो ती. मी इंजिन बंद केलं, छोट्या फिल्टरचा क्लिप सोडला आणि तो उपटला. आत स्पंज असतो. स्पंज दिसत नव्हता. तेलाची वाफ आणि वरून पडलेली हळद मिळून आत एक घट्ट पिवळी वडी थापली गेली होती, सुरीनं कापावी अशी. दर सणाला, दर सोमवतीला, माझ्याकडून निघताना दर वेळी एक मूठ. इंजिनाला श्वास सोडायला जागा उरली नव्हती, म्हणून ते सगळ्यांत कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलत होतं. ती कमजोर जागा म्हणजे माझी सीलं. त्यांच्या जागी लोखंड टाकलं असतं तरी तेल दुसरीकडून निघालं असतं.

आबा पलीकडच्या दाराशी सरकले होते. त्यांच्या आणि माझ्यामध्ये उचललेली सीट होती, त्यांना माझ्या हातातलं दिसत नव्हतं. मंगलबाईंना दिसलं. त्यांनी ते ओळखलं, कारण घरात रोजची हळद आहे. त्या पुढं आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, कचरा म्हना. मामाला सांगू नका." मामा म्हणजे आबा.

गाडी जाणार होती ती त्यांची. लायसन त्यांचं, पोरं त्यांची, आणि सासऱ्याचा मान राखायची घाईही त्यांचीच. मला राग आला. त्यांचा नाही, कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

कचरा म्हणणं सोपं होतं. फिल्टर फेकून मूळ नळी परत बसवली की काम संपलं. मग वरून पोतंभर भंडारा टाकला तरी आत काही गेलं नसतं. गळती थांबली असती. पण आबांच्या मनात तेच राहिलं असतं, की गाडी बाईच्या हाताला मानवत नव्हती, मिस्तरीनं कशीबशी वळणावर आणली. उद्या पंक्चर झालं तर बाईमुळं. बॅटरी उतरली तर बाईमुळं. गिऱ्हाईक तर त्यांनी बघूनच ठेवलं होतं. दुसरीकडं, देवभोळ्या म्हाताऱ्याला तुमच्या देवाच्या हळदीनं गाडी बिघडवली असं सांगणं हे मिस्तरीचं काम आहे का, तेही मला कळेना. मी पान्यानं उगाच क्लिप वाजवत राहिलो.

मग मी सीट खाली घेतली आणि ती वडी आबांच्या समोर धरली.

"आबा, गळती बाईंच्या हातानं नव्हती. ह्यानं होती. इंजिनाचं नाक बंद झालं होतं."

बाईंनी मान दुसरीकडं केली. आबांनी वडी हातात घेतली. वास घेतला. बोटानं कड मोडून बघितली, आतून ती अजून पिवळीधमक होती. सलीम ग्लास घेऊन आला होता, तो तसाच मागं सरकला.

"हा माझाच," आबा म्हणाले.

"हो."

"तिन्ही बारीला?"

"गाडी घरी आली तेव्हापासून थोडा थोडा. तिसऱ्यांदा पुरता बसला."

"आन मी हिला म्हनत व्हतो."

मी म्हटलं, "मीही दोनदा ओळखलं नाही आबा. रोजचं काम असून."

"तुमी ओळखलं नाय ते येगळं. तुमी कुनाचं नाव घेतलं न्हवतं."

मंगलबाई वळून म्हणाल्या, "मामा, असू द्या. देवाचंच हाय, कुटं वाईट केलं."

"देवानं नाय केलं. देव कशाला सीट उचलाया येतो?" आबांनी मुंडाशाचं टोक सोडलं, वडी त्यात बांधली आणि टायरवर जाऊन बसले. नंतर काम होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, झालं, आता हा माणूस अपमानानं गाडी विकणार, आणि ते माझ्या तोंडामुळं. हात चालत होते पण मन लागत नव्हतं. एकदा तर खूण एक दाता चुकली, उतरवून परत लावावी लागली.

सीलं नवी टाकली, बेल्ट नवा टाकला. शहरात जाऊन मूळ मापाची नळी आणली आणि फिल्टरच्या डब्याला जोडून दिली. इंजिन चालू करून झाकण काढलं, पिशवी धरली. पिशवी लोंबत राहिली. मी सवयीनं मोगरा मारला. इंजिन चालू ठेवून आम्ही सगळे बघत उभे राहिलो. पावडर पांढरी ती पांढरीच राहिली. आबाही येऊन बघून गेले.

निघायची वेळ झाली. आबा उठले आणि त्यांचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडं गेला. तिथंच थांबला. कुणी कुणाकडं बघेना. देवाचं नाव न घेता गाडी बाहेर काढायची हे त्या घरात बसणारं नव्हतं, आणि त्या इंजिनावर आता कुणाचा हात उचलणार नव्हता. मीच म्हटलं, "टाका आबा, आता काही होत नाही. नळी आता डब्याला जोडलीय, आत काही जात नाही."

"सीट खालीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

मंगलबाई दार उघडून चढायच्या बेतात होत्या. आबांनी काठी माझ्या हातात दिली, पिशवी सोडली आणि सुनेला म्हणाले, "हिकडं ये." त्या आल्या, पदर सावरून वाकायला लागल्या. त्यांना वाटलं पाया पडायला बोलावलंय. आबांनी त्यांना वाकू दिलं नाही. त्यांनी चिमूटभर भंडारा सुनेच्या कपाळाला लावला. मग म्हणाले, "हात कर." बाईंनी हात पुढं केले. आबांनी दोन्ही तळव्यांवर भंडारा घातला, बोटांना लागेल असा चोळला आणि येळकोट म्हणाले. या वेळी ते हळू म्हणाले, तरी जय मल्हार सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळ्यांनी म्हटलं. मंगलबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हात पिवळे असल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं.

आबांनी माझ्या हातातून काठी घेतली. बाईंना म्हणाले, "आता गळली तर चूक मिस्तरीची. गाडी तुझी."